पत्र्याच्या खोलीत पक्ष्याने घरटं केलंय, बोअरची मोटर चालू करू का नको?

वीणा_विजापूररोड

नमस्कार मंडळी, जरा घाईचा प्रश्न आहे. आमच्या घरामागं थोडी बाग आहे, कढीपत्ता, लिंबू, शेवगा असं, आणि कोपऱ्यात पत्र्याची खोली. खोलीत फावडं, खुरपी, पाईप, जुनी सायकल, आणि उन्हाळी कामं निघाली की कुरडयाच्या चिकाचं मोठं पातेलं आणि शेगडीसुद्धा तिथंच. दारातून आत गेलं की डाव्या हाताला बोअरच्या मोटरचं पॅनेल. तर त्या पॅनेलच्या डोक्यावर, पॅनेल आणि वरचा लाकडी वासा यांच्या मधल्या सांदीत एका पक्ष्याने घरटं केलंय आणि त्यात तीन अंडी आहेत. मोबाईल वर धरून एकदाच फोटो काढला तेव्हा दिसली, पांढरट, जरा हिरवट झाक, वर तांबूस ठिपके, आणि जाड टोकाकडे ठिपके एकदम दाट.

पक्षी चिमणीपेक्षा थोडा मोठा. मादी मातकट रंगाची, नर काळाभोर, पंखावर पांढरा पट्टा, आणि दोघांची शेपटी सारखी वर, शेपटीखाली विटकरी रंग. नर सकाळी कुंपणाच्या भिंतीवर बसून गोड शिट्टी घालतो, मग येऊन आमच्या स्कुटीच्या आरशावर चोची मारत बसतो, ते का करतो तेही कळेना.

अडचण अशी की मोटरचं हिरवं बटण घरट्याच्या खाली जेमतेम एक वीत आहे. मी बटणाला हात लावायला गेले की मादी माझ्या कानाजवळून भुर्रकन बाहेर जाते आणि भिंतीवर बसून ओरडत राहते. नळाचं आपल्याकडं काय आहे ते सोलापूरकरांना वेगळं सांगायला नको, चार-पाच दिवसांनी पाणी येतं, मधल्या दिवसांत बोअरशिवाय भागत नाही. आणि दुपारी दोन वाजता त्या खोलीत माणसाला उभं राहवत नाही इतकी धग असते, तिथं अंडी टिकतील का हीच भीती. त्यात शेजारचा बोका रोज चक्कर मारतोय.

अजून एक. घरट्याच्या कडेला सापाच्या कातीचा तुकडा आहे. सासूबाईंनी तो बघितला तेव्हापासून त्या खोलीत पाऊल टाकायला तयार नाहीत, म्हणतात आत जनावर आहे. त्यांना पक्ष्याचा त्रास नाही, रोज पाखरांना पाणी त्याच ठेवतात, पण त्यांचं म्हणणं घरटं उचलून कडुलिंबावर ठेवू, पक्षी पण सुखी आणि आपण पण. मला ते पटत नाही पण ठामपणे सांगता येत नाही. कुणाला अनुभव असेल तर सांगा, ही अंडी जगली पाहिजेत असं मनापासून वाटतंय.

माळरान

ताई, हा चिरक. तुम्ही केलेलं वर्णन इतकं नेमकं आहे की फोटोची पण गरज नाही. आपल्या माळरानाचाच पक्षी, नान्नजला माळढोक बघायला जाणारे लोक दुर्बीण लावून लांब बघत बसतात आणि पायाजवळच्या दगडावर शेपटी उभारून बसलेला चिरक कुणी बघत नाही. आपल्याकडं दक्षिणेत नराची पाठ काळी असते, उत्तर भारतात तोच पक्षी पाठीवर तपकिरी दिसतो. दगडाच्या खाचा, बांधाची भोकं, विहिरीच्या भिंती, पडक्या घरांच्या सांदी अशा जागी घरटं करतो, आता माळ कमी झाले, प्लॉट पडले, मग त्याला तुमच्या पॅनेलवरची सांद सापडली.

कातीचं आधी सांगतो, कारण सासूबाईंची भीती घालवणं जास्त गरजेचं आहे. चिरकाची सवयच आहे ती. घरट्याला आतून जनावरांच्या केसांचं अस्तर लावतो आणि बऱ्याच घरट्यांत सापाच्या कातीचे तुकडे सापडतात. कात तो कुठल्यातरी बांधावरून, दगडाखालून उचलून आणतो. म्हणजे कात दिसली म्हणून खोलीत साप आहे असं होत नाही. घरट्यात डोकावणारा साप असता तर अंडी तिथं राहिलीच नसती, एवढं त्यांना सांगा. तरी पत्र्याच्या खोलीत हात घालण्याआधी टॉर्च मारायची सवय ठेवा, ती उन्हाळ्यात कुणालाही हवीच.

अंडी एकटी मादी उबवते. साधारण दहा ते बारा दिवसांत पिल्लं बाहेर येतात, पुढं दोनेक आठवडे घरट्यात, मग उडाली. म्हणजे सगळा मामला महिन्याच्या आत आटोपतो. आरशाचं कारण सोपं आहे, या दिवसांत नराला स्वतःचं प्रतिबिंब म्हणजे आपल्या हद्दीत घुसलेला दुसरा नर वाटतो. स्कुटी लावली की आरशावर जुनं फडकं बांधा, नाहीतर तो दिवसभर भांडून दमतो आणि पुढं पिल्लांना भरवायची वेळ आली की तोच वेळ वाया जातो.

होटगीरोड_संतोष

मी जरा वेगळं सांगतो, राग मानू नका. कडुलिंबावर फांदीत नको, पण चपलेचा पुठ्ठ्याचा खोका घ्या, एका बाजूला भोक पाडा, घरटं अलगद त्यात ठेवा आणि खोलीच्याच बाहेरच्या भिंतीला, सावलीत, उंचावर टांगा. दहा-बारा फूट अंतर म्हणजे काय, मादी शोधून काढेल. आमच्या गावी साळुंकीचं घरटं असंच पंख्यावरून काढून खिडकीवर ठेवलं होतं, पिल्लं मोठी होती, आईबाप आले आणि भरवून गेले. वीणाताईंची पाण्याची अडचण खरी आहे, घरात म्हातारं माणूस आहे, महिनाभर असं जीव मुठीत धरून बटण दाबायचं म्हणजे कसं जमायचं?

माळरान

संतोषदादा, तुमचा हेतू चांगला आहे पण इथं हे करू नका. तुमच्या साळुंकीची पिल्लं मोठी होती, ती ओरडून आईला बोलावतात, आई आवाजावर येते. इथं अंडी आहेत. अंड्याला आवाज नाही. मादीच्या डोक्यात जागा पक्की बसलेली असते, ती त्या पॅनेलवर येऊन रिकामी सांद बघेल, दोन-चार चकरा मारेल आणि सोडून देईल. अंडी असताना, त्यातही पहिल्या दिवसांत, पक्षी घरटं लवकर टाकतात, पिल्लं झाली की सहसा टाकत नाहीत. तोपर्यंतच जपायचं आहे.

शिवाय कायदा. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 मध्ये शिकार या शब्दाची जी व्याख्या आहे त्यात जंगली पक्ष्यांच्या अंड्यांचं नुकसान करणं आणि अंड्यांना किंवा घरट्याला त्रास देणं हेही धरलंय. इथं कुणी शिकारी नाही हे मला कळतं, पण घरटं हलवणं ही सहज करायची गोष्ट नाही एवढं त्यावरून घ्यावं. खरंच जिवावर बेतलं असेल, उदाहरणार्थ उघड्या वायरवरच घरटं असेल, तर वनविभागाच्या 1926 या नंबरला फोन करून विचारायचं.

मोटरच्या आवाजाची काळजी सोडा. बोअरमधल्या मोटरचा खोलीत आवाज येणार किती, पॅनेलमध्ये खट्ट होतं तेवढंच, आणि ठरावीक आवाजाला पक्षी सरावतात. तिला भीती आवाजाची नाही, तुमच्या हाताची आहे. हात तिथं न नेता बटण दाबता आलं की प्रश्न मिटला, तो मार्ग कुणी वायरिंगवाल्याने सांगावा.

तारजोड

वायरिंगवाला हजर आहे ओ. पंधरा-वीस वर्षं बोअरची पॅनेलं जोडतोय, सरड्यापासून मुंग्यांच्या वारुळापर्यंत सगळं पॅनेलमध्ये बघितलंय, म्हणून नीट वाचा ताई.

पहिलं, पॅनेलचं झाकण घट्ट बंद आहे का आणि वायरी खालून आत गेल्यात का वरून ते लांबूनच बघा. खालून असतील आणि पेटी बंद असेल तर वर घरटं असलं तरी तसा धोका नाही. वरून भोकातून वायर जात असेल तर मात्र वाळलेलं गवत, केस, कात असला माल त्या भोकाशी आणि आत ढिलं कनेक्शन असेल तर तिथं गरम होतं, ठिणगी पडली की पक्षी पण गेला आणि खोली पण. मोटर चालू असताना जळका वास येतो का, पॅनेलमधून घूं आवाज जास्त येतो का ते बघा. येत असेल तर थांबायचं नाही, लगेच माणूस बोलवा. पेटीला अर्थिंग आहे का तेही विचारा, पक्ष्याची शिट आणि ओल लोखंडाच्या पेटीवर पडत राहणार.

आता बटण बाहेर कसं आणायचं. पॅनेलमध्ये कॉन्टॅक्टर (बटण दाबलं की खट्ट करून मोटरची लाईन जोडणारा स्विच) असेल तर एकदम सोपं, बाजारात दोन बटणांची छोटी पेटी मिळते, हिरवं आणि लाल, तिला पुश बटण स्टेशन म्हणतात. चार कोअरची वायर पॅनेलच्या खालच्या भोकातून काढायची, दाराच्या बाहेर पावसापाण्याचं लागणार नाही अशा जागी पेटी लावायची. स्टार्ट पॅरललमध्ये, स्टॉप सिरीजमध्ये, कुठलाही वायरमन करतो. साधं एमसीबी (लोड जास्त झाला की आपोआप पडणारा खटका) आणि कपॅसिटरवालं पॅनेल असेल तर हे जमत नाही, मग आहे तसंच दिवसातून एकदाच चालवा. शेतकरी लोक वापरतात ते मोबाईलवरचं स्टार्टर पण बसवता येतं, पण घरच्या बोअरला तो खर्च मला जास्त वाटतो. आणि ऑटो स्विच लावून मोकळं व्हायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, लाईट गेली आली की मोटर आपोआप चालू होते, उन्हाळ्यात बोअरला पाणी कमी, कोरडी चालून मोटर जळते.

काम कधी करायचं तर सकाळी सात-साडेसातला, मादी चरायला बाहेर पडली की. मेन बंद करून. ड्रिल, हातोडा काही नको, भिंतीला आधीचा खिळा असेल त्यालाच पेटी अडकवायची. वायरमनला आधीच सांगा की एका दमात सगळं करायचं नाही, दहा मिनिटं काम, मग बाहेर येऊन चहा, ती परत बसून गेली की उरलेलं. तसं सांगितलं तर कुणी नाही म्हणत नाही, आमच्यातले बरेच जण खेड्यातले आहेत, घरटं म्हटलं की हात आपोआप हळू होतो.

कुसुम_बाळे

वीणा, पोरी, उन्हाचं मी सांगते. आमच्याकडं बाळ्याला पत्र्याच्या शेडमध्ये वर्षानुवर्षं चिमण्या असतात आणि एप्रिल-मे आला की पहिलं काम पत्र्यावर सावली करायची. सोलापूरचं ऊन म्हणजे पारा बेचाळीस-त्रेचाळीसला जातो आणि पत्रा त्याहून कितीतरी जास्त तापतो, उघडी पिल्लं त्या धगीनं चोच वासून धापा टाकतात, मी बघितलंय. तुमच्याकडं घरटं वाशाच्या खाली आहे, पत्र्याला चिकटून नाही, हे बरं आहे.

काय कर, ओळखीच्या शेतकऱ्याकडून कडब्याच्या पेंढ्या आण. रब्बीची ज्वारी निघालेली आहे, मालदांडीचा कडबा या दिवसांत कुठंही मिळतो. त्या पत्र्यावर पसर आणि दोरीने बांध, वाऱ्याने उडाल्या नाही पाहिजेत. जिथून वायर आत येते तो कोपरा सोडून दे, वाळका कडबा आणि वायर जवळ नको. कडबा नाही मिळाला तर गोणपाट किंवा हिरवी नेट पण चालते, पण नेट पत्र्याला टेकवू नको, मधे बांबू घालून हातभर वर बांध म्हणजे मधून वारा खेळतो. पत्र्यावर चढू नको कुणी, खालून शिडी लावून कडेनं सरकवायच्या, धाडधाड आवाज झाला की ती उडून जाते आणि दुपारची अंडी उघडी पडतात. या उन्हात मादी अंड्यावर बसते ते नुसतं ऊब द्यायला नाही, सावली द्यायला पण बसते, म्हणून बारा ते चार त्या खोलीकडं फिरकूच नका.

चुना मारायचा विचार असेल तर पिल्लं गेल्यावर मारा, आत्ता नको. आणि खोलीत पाणी शिंपडू नका, दमट धग अजून वाईट.

पाणी ठेवायचं ते पसरट मातीच्या भांड्यात, घरट्यापासून लांब, मोकळ्या जागेत. भांड्याजवळ झुडूप असलं की बोका तिथंच दबा धरतो. तांदूळ-बाजरी टाकू नका, हा किडे खाणारा पक्षी आहे, मुंग्या, वाळवी, भुंगेरे. बागेत पाला पडलेला असेल तो झाडू नका महिनाभर, ओल्या पाल्याखाली किडे राहतात, तेच त्यांचं वाणसामान. झाडांवर औषध मारणं बंद, खोलीत मच्छरची कॉईल बंद.

कुरडयाचं मात्र यंदा अंगणातच कर, शेगडीचा धूर आणि वाफ त्या खोलीत नको. सासूबाईंना सांग बाळ्याच्या कुसुममावशीनं सांगितलंय, त्या ऐकतील.

वीणा_विजापूररोड

सगळ्यांचे खूप खूप आभार, इतकं तपशिलात कुणी सांगेल असं वाटलं नव्हतं. पॅनेल कॉन्टॅक्टरवालंच निघालं, वायरी खालून आहेत. दाराबाहेर बटण आलं, वायरमनने काम अगदी सांगितल्याप्रमाणे थांबत थांबत केलं, दोन वेळा तर तो स्वतःच म्हणाला थांबा वहिनी ती आली. आता मादी बसलेली असताना मोटर सुरू होते आणि ती नुसती मान वळवते.

कडबा सासऱ्यांनी त्यांच्या मित्राकडून कुंभारीहून आणला. सासूबाईंना माळरान यांचं कातीचं उत्तर वाचून दाखवलं, त्यांनी परत वाचायला लावलं, आणि मग म्हणाल्या की त्यांच्या माहेरी विहिरीच्या भोकात हाच पक्षी असायचा, नाव आठवत नव्हतं. आता खोलीच्या दाराशी पोरांना फिरकू देत नाहीत. पिल्लं झालीत, तिन्ही. आईबाप दोघं भरवतायत, नर पण. सकाळी चोचीत हिरवी अळी घेऊन तो आधी भिंतीवर बसतो, इकडं तिकडं बघतो, मग शेवग्यावर, मग दाराच्या वरच्या फटीतून आत, सरळ कधीच जात नाही.

बोक्याचं अजून जमेना. पॅनेलखाली सायकल उभी होती ती काढली. अजून काय करू? आणि पिल्लं खाली पडली तर हात लावायचा का? माणसाचा हात लागला की आई घेत नाही असं सगळे सांगतात.

माळरान

तिन्ही फुटली म्हणजे फारच छान. हात लागला की आई टाकते हे खरं नाही. उघडं, पिसं न आलेलं पिल्लू खाली पडलं असेल तर अलगद उचलून घरट्यात ठेवायचं आणि लगेच निघून यायचं. पिसं आलेलं, आखूड शेपटीचं पिल्लू जमिनीवर दिसलं तर ते बहुतेक पडलेलं नसतं, स्वतःहून बाहेर आलेलं असतं. त्याला पहिल्या दिवशी धड उडता येत नाही, आईबाप जमिनीवरच भरवतात. त्याला घरात आणायचं नाही, दूध-भात चारायचं नाही. बोका जवळ असेल तर उचलून लिंबाच्या झुडपात आतल्या फांदीवर ठेवा, एवढंच. आणि एक लक्षात असू द्या, मोठी पिल्लं हातात घेतली की मेल्याचं सोंग घेतात, एकदम लुळी पडतात. मेलं म्हणून टाकून देऊ नका, झुडपात ठेवून लांबून बघा.

बोक्यासाठी, पॅनेलखाली बादली, स्टूल, काही चढण्यासारखं ठेवू नका. भिंतीवर पॅनेलच्या खाली गुळगुळीत पत्र्याचा तुकडा उभा टेकवून ठेवता आला तर नखं रुतत नाहीत. दार रात्री लावा पण वरची फट उघडी ठेवा, त्यांची येण्याजाण्याची वाट तीच आहे. पिल्लं बाहेर पडायची वेळ आली की शेजाऱ्यांना सांगून दोन-तीन दिवस सकाळी बोका घरात ठेवायची विनंती करा, ते दिवस सगळ्यात धोक्याचे.

होटगीरोड_संतोष

वीणाताई, वाचून लय बरं वाटलं. पॅनेलचं बटण बाहेर काढायचं माझ्या डोक्यातच नव्हतं आलं. आमच्या गाडीच्या शेडमध्ये पण दरवर्षी काहीतरी असतं. पिल्लं गेल्यावर घरटं काढायचं का ठेवायचं? आणि पुढच्या वर्षी तिथंच येतात का हे?

माळरान

लगेच काढू नका. चिरकाची जोडी त्याच जागी परत येऊ शकते. त्याच हंगामात पुन्हा अंडी घालण्याचीही शक्यता असते, पावसाच्या सुरुवातीपर्यंत थांबा. पाऊस सुरू झाला की चातक येतात, त्यांचं अंडं प्रामुख्याने सातभाईच्या घरट्यात असतं पण कधीकधी चिरकाच्याही घरट्यात सापडतं, तेव्हा जूनमध्ये घरट्यात एक पिल्लू बाकीच्यांपेक्षा भलतंच मोठं दिसलं तर घाबरून ते काढून टाकू नका, तो पण जंगलचाच जीव आहे.

सगळं संपलं, आठ-दहा दिवस कुणी आलं-गेलं नाही अशी खात्री झाली की घरटं काढा, हातात मोजे आणि तोंडाला रुमाल, जुन्या घरट्यात बारीक किडे असतात. मग ती पॅनेलवरची सांद लाकडाच्या पट्टीने बंद करा आणि त्याच भिंतीवर, दारापासून लांब, सावलीत, तशीच हातभर खोल लाकडी कोनाड्यासारखी पेटी लावा, पुढून अर्धी उघडी. बंद खोक्यात भोक पाडलेलं चिमणीला चालतं, चिरकाला उघडी सांद आवडते. हे काम जानेवारीच्या आत झालं पाहिजे, त्यानंतर जोड्या जागा बघत फिरायला लागतात.

तारजोड

पट्टी मारण्याआधी मला किंवा तुमच्या वायरमनला पॅनेल एकदा उघडून बघू द्या ताई, आत शिट गेली असेल तर टर्मिनल गंजतात. पावसाच्या आधी बघितलेलं बरं, पण माळरान म्हणतायत तसं दुसऱ्यांदा अंडी घातली तर राहू द्या, मेन बंद ठेवून फक्त बाहेरच्या बटणाने चालवा आणि पाऊस पडून बोअर भरला की नंतर करू. बाहेरच्या पेटीवर मात्र आत्ताच प्लास्टिकचं झाकण लावा, वळवाचा पाऊस तिरका येतो.

वीणा_विजापूररोड

दादा, मेन बंद ठेवून मोटर कशी चालेल? का मेन म्हणजे दुसरं काहीतरी?

तारजोड

बरोबर विचारलंत. मला म्हणायचं होतं की मोटर चालवायची तेवढ्यापुरता मेन चालू करायचा, एरवी बंद. मेन घरात मीटरजवळ असेल, खोलीत जायची गरज नाही. बोअरचा एमसीबी त्यात वेगळा आहे का बघा, नसेल तर वेगळा बसवून घ्या.